सप्टेंबरातली पिवळी पानं

३ सप्टेंबर १९८३

आजपासून मोठा गट माझ्याकडे. पाच-सहा वर्षांची पोरं, म्हणजे बोलायला वकील आणि नाक पुसून घ्यायला तान्ही बाळं. मधल्या गटात दोन वर्षं मी फक्त बूट घालत आणि काढत होते, आता कुठे शिकवायला मिळणार.

मुदिरानं, म्हणजे आमच्या बालवाडीच्या प्रमुख तुर्सुनोय आपांनी, मॉस्कोत छापलेलं नवं पुस्तक हातात ठेवलं. सप्टेंबरचा धडा आहे ‘सोनेरी शरद’. मुलांना बागेत न्या, पिवळी, तांबडी, सोनेरी पानं गोळा करा, एकेका पानाचं वर्णन मुलांच्या तोंडून करून घ्या. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर भाजून काढणारं ऊन आणि तुतीपासून चिनारापर्यंत झाडून सगळी झाडं हिरवीगार. आमच्या खोऱ्यात पानं पिवळी व्हायला नोव्हेंबर उजाडतो.

म्हटलं, “मुदिरा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

त्या म्हणाल्या, “मॉस्कोत शरद लागला की इथेही लागला. पिवळा कागद आहे कपाटात, काप पानं.”

मला कागदाची पानं नकोत. अठ्ठावीस तारखेला जिल्ह्याच्या निरीक्षक बाई धडा बघायला येणार आहेत. त्यांना आवडला तर ताश्कंदच्या संस्थेत बाहेरून शिकायला माझं नाव जाईल. हे मला हवं आहे. इथे कोणापासून लपवायचं, फार हवं आहे. सासूबाईंना वाटतं मला आधी मूल हवं असायला पाहिजे. लग्नाला दोन वर्षं झाली. इल्योस कापसाच्या कारखान्यात मुक्कामाला असतो आणि रविवारी घरी येऊन झोपतो, हे त्या विसरतात.

७ सप्टेंबर

पहिला धडा झकास झाला. पान आधी नीट बघायचं, मग चाचपायचं, मग नाकाशी धरायचं, मग कानाशी चुरगाळायचं आणि शेवटी जिभेच्या टोकानं चाटायचं. चाटणं पुस्तकात नाही, ते माझं डोकं. ज्या झाडाचं फळ आपण खातो त्याचंच पान चाटायचं, असा नियम घातला. पोरांना तोच भाग सगळ्यात आवडला.

दानियोर चिनाराचं पान पंजावर पसरून म्हणाला, “आपा, हा रईसाचा हात आहे. काहीही ठेवा, मावतं.” रईस म्हणजे आमच्या सामूहिक शेतीचे अध्यक्ष. हे वाक्य त्याच्या घरी जेवताना कोण बोललं असेल ते कळायला ज्योतिषी नको. मी खोकले आणि पुढचं पान घेतलं.

पण खरी हुशार सानोबार. आमच्या स्वयंपाकीण मावशींची, खदीचा त्यांचं नाव, त्यांची नात. सानोबार म्हणजे सूचीपर्णी झाड, जे तिनं काय, मीही फक्त चित्रात पाहिलंय. कायरागाच झाडाच्या पानाची एक बाजू देठाशी वर आणि दुसरी खाली असते ना, ते बघून ती म्हणाली, “हे रोज एकाच हातानं पाण्याची बादली नेतं, म्हणून याचा एक खांदा पडलाय.” पॉपलरचा देठ तिनं बोटांत फिरवून पाहिला, तो फिरेना. “हा चपटा आहे आपा, म्हणून हे पान सारखं थरथरतं.” मला हे अध्यापन विद्यालयात सुद्धा कोणी सांगितलं नव्हतं.

तुतीच्या एकाच फांदीवर एक पान गोल आणि एक पाच बोटांचं निघालं, तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात मावशी पाव घेऊन आल्या. म्हणाल्या, “त्यात काय? एका आईची पोरं. एक शहाणं, एक वात्रट. आमच्या घरी पण तसंच आहे, वात्रट इथे बसलीय.” सानोबारनं आजीला जीभ दाखवली, तुतीचं हिरवं लागलेली.

फक्त पिवळं पान एकही नाही.

१० सप्टेंबर

विमान आलं. दरवर्षी येतं. कापसाची पानं गळायला औषध मारतं, म्हणजे बोंडं उघडी पडतात आणि वेचणी भराभर होते. बालवाडी शेताच्या टोकाला आहे, म्हणून वैमानिक आमच्याच छतावरून वळतो. पोरं अंगणात धावली, टोप्या हलवल्या. तोही पंख वाकवून जबाब देतो, भला माणूस आहे. वळताना नळी बंद करायला त्याला जरा उशीर होतो. अंगणात बारीक तुषार आले आणि पोरं तोंडं वर करून उभी राहिली. इतक्या उन्हात त्यांना तेवढाच गारवा.

खदीचा मावशी स्वयंपाकघरातून ओरडल्या, “आधी माझ्या शोरब्यावर झाकण टाका, पोरं मग आत घ्या.”

सडलेल्या कांद्यासारखा तो वास संध्याकाळपर्यंत राहिला. वाळत घातलेल्या चादरींना पण लागलाय. सासूबाई म्हणतात, हा वास आला की समजावं पगार आला. माझं डोकं मात्र दुखतंय. उन्हात फार उभी राहिले.

१४ सप्टेंबर

आज मी दुनियेतली सगळ्यात सुखी बाई आहे.

सकाळी कामावर जाताना शेताच्या बांधाकडे सहज लक्ष गेलं. बांधावरच्या तुतीच्या रांगेखाली पिवळ्या पानांचा सडा. सप्टेंबरात. मला वाटलं उन्हानं डोळे फिरले. जवळ जाऊन पाहिलं तर पिवळी, तपकिरी ठिपक्यांची, काही तर हिरवी असतानाच पडलेली. पुस्तकातला शरद माझ्यासाठी बांधावर येऊन थांबला होता.

नऊ वाजता सगळ्या पोरांना घेऊन तिथेच गेले. पाठ नाही, मेजवानी झाली. पोरं पानांत लोळली, एकमेकांवर उधळली, दानियोर मानेपर्यंत पुरला गेला आणि म्हणाला, “मी मेलो, आता मयताचा पुलाव वाटा.” मुलींनी देठात देठ ओवून मुकुट केले. दोन्ही हात कामात, म्हणून देठ दातांत धरत होत्या.

वर्णन करायला सांगितलं. सानोबार एक पान घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, “रंग अर्धा पिवळा. ठिपके आहेत, पण किड्यानं खाल्लेले नाहीत, भाजलेले आहेत. वास कांद्याचा. चव कडू आणि जीभ झोपते.” जीभ झोपते म्हणजे काय विचारलं, तर तिला सांगता येईना. मग तिनं विचारलं, “आपा, हे म्हातारं झालेलं नाही. मग पडलं का?”

मी म्हटलं, शरद आला म्हणून. तिचं समाधान झालं नाही ते तोंडावर दिसत होतं. मोठी होऊन ही पोरगी मला भारी पडणार.

पोतंभर पानं आणली. झोपायच्या खोलीत पलंगांवरून माळा सोडल्या. मुदिरा दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मावजूदा, हे तर मॉस्को झालं.” उरलेलं अर्धं पोतं मावशींनी शेळीसाठी घरी नेलं.

१५ सप्टेंबर

सकाळी उठले ती अंगणातच उलटी झाली. डोकं जड, तोंडाला पाणी सुटतंय, डोळ्यांपुढे धुरकट. सासूबाई आधी घाबरल्या, मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. पळत जाऊन आंबट जर्दाळू घेऊन आल्या. दुपारपर्यंत आळीतल्या तीन बायका येऊन माझ्या चालण्याकडे बघून गेल्या. “उजवा पाय आधी टाकतेय, मुलगाच,” एक म्हणाली.

खरंच असेल का? मी गुपचूप पोटावर हात ठेवून बघितला. मग स्वतःचंच हसू आलं.

बालवाडीत आज बरीच मुलं आली नाहीत. आली त्यांतली काही दुपारी झोपून उठेचनात, हलवून उठवावी लागली. रात्रभर बायका कापसावर जायच्या गडबडीत असतात, पोरांची झोप कुठे होते.

१७ सप्टेंबर

मुलांची पोटं बिघडली आहेत. निम्मा गट घरी. उलट्या, जुलाब, लाळ गळते, घाम येतो. दानियोर आला होता, पण गप्प होता, आणि दानियोर गप्प म्हणजे आजारीच. त्याच्या डोळ्यांतली काळी बाहुली सुईच्या टोकाएवढी झाली होती. मी त्याला सावलीत निजवलं, माळेखालच्या पलंगावर.

सानोबारला काल मध्येच आकडी आली. खदीचा मावशींनी तिला कामावर येताना पाठीवर बांधून आणलं, कारण तिची आई कापसावर, घरी कोण बघणार? मावशी म्हणतात नजर लागली. “त्या दिवशी मुकुट घालून रस्त्यानं राणीसारखी चालत आली, सगळ्या गावानं बघितली. कोणाची तरी लागली.” इसिरीकच्या बिया निखाऱ्यावर टाकून सगळ्या खोल्यांतून धूर फिरवला. मी नजर वगैरे मानत नाही, मी शिकलेली बाई आहे. पण धूर माझ्या डोक्यावरूनही फिरवून घेतला.

मावशींची शेळी पण गेली. पाय ताणून पडली ती उठलीच नाही. पोट फुगलं असेल, एकदम एवढा पाला मिळाल्यावर शेळीला कुठे थांबायचं कळतं?

मलाही बरं नाही. सासूबाई खूश आहेत.

१९ सप्टेंबर

वाईट दिवस. जसं झालं तसंच लिहिते.

सकाळी रईस स्वतः गाडीतून आले, बरोबर जिल्ह्याचा डॉक्टर. डॉक्टर तरुण होता. त्यानं दोन मुलांचे डोळे उघडून पाहिले, खिडकीबाहेर शेताकडे पाहिलं, आणि रईसाला काहीतरी हळूच विचारलं. रईस म्हणाले, “कापसाचा लक्ष्यांक पुरा व्हायचाय, डॉक्टर. नीट बघा. जेवणातून झालं असेल.” डॉक्टरनं पुन्हा काही विचारलं नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन दुधाच्या पातेल्याचा वास घेतला.

ठरलं की दूध नासलेलं होतं. मुदिरानं मला बोलावून विचारलं, चौदा तारखेला मुलांनी बांधावर जायच्या आधी दूध घेतलं होतं ना? घेतलं होतं, रोजच घेतात. मग त्याला वास येत होता का? मी म्हटलं, त्या दिवसांत सगळ्यालाच वास येत होता. मुदिरानं तेवढं उतरवून घेतलं आणि म्हणाल्या, “सही कर. अठ्ठावीस तारीख डोक्यावर आहे, बालवाडी बंद पडली तर निरीक्षक बाईंना काय दाखवणार, कुलूप?”

मी सही केली. खोटं असं त्यात काही नव्हतं. वास येतच होता.

मावशींना दुपारीच काढलं. त्यांनी एप्रन घडी घालून खिडकीत ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पोरी, तूसुद्धा?” मी म्हटलं, “मावशी, मी फक्त वासाचं सांगितलं.” त्यांनी मान हलवली. त्यांना सानोबारला जिल्ह्याच्या इस्पितळात न्यायचं होतं, भांडायला वेळ नव्हता. ते मला फार लागलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ सप्टेंबर

तीन दिवस बालवाडी बंद. भिंतींना चुना दिला, पातेली उकळली. माझ्या माळा काढून कोठीत ठेवल्या, म्हणून मी जरा भांडले. नाजूक झाल्या आहेत, मोडतील.

घरी बसले आणि मळमळ गेली. डोकंही हलकं. काल संध्याकाळी पाळी आली. सासूबाईंनी उरलेले जर्दाळू माझ्यासमोरून उचलून बरणीत भरले. “आंबट खायला बरं वाटलं असेल,” एवढंच बोलल्या. मला रडू आलं. मूल हवं होतं की नाही हे मला ते गेल्यावर कळलं, तेही आलेलंच नसताना.

मुलंही सुधारत आहेत म्हणे. म्हणजे दूधच होतं. सही केली ते चूक नव्हतं.

२४ सप्टेंबर

मुलं परत आली, माळा परत लागल्या. माझंही डोकं परत धरलं, पण ते काळजीनं.

तालमीला पानं कमी पडली. बांधावर गेले तर पहिली रांग बोडकी झालेली, पण पुढची रांग अजून हिरवी. तेव्हा माझ्या लक्षात आलं: विमान जिथून वळलं तिथलीच झाडं पिवळी आहेत. म्हणजे शरद-बिरद काही नाही, कापसाचं औषध तुतीवर पण बसतं. मी या वहीतल्या तारखा बघून ताळमेळ घातला, विमान गेलं की तीन-चार दिवसांनी पानं पिवळी होतात आणि मग गळतात. बारीक निरीक्षण म्हणतात ते हेच. मलाच माझं कौतुक वाटलं.

तरी मनात एक शंका आली, ती लिहून ठेवते. बांधावर आमचे कृषी अधिकारी भेटले, पिंपांपाशी उभे होते. मी विचारलं, “या औषधानं माणसांना काही होत नाही ना?”

ते हसायला लागले. “आपा, हे पानांचं औषध आहे. तुम्हाला कुठे पानं आहेत?” पिंपातल्या औषधात बोट बुडवून त्यांनी मला दाखवलं. “बारा वर्षं हात धुतोय यात.” त्यांच्या हातांची कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटत होती. उन्हात काम करणाऱ्यांचे हात असेच होतात. पण बोलणं पटण्यासारखं होतं. बारा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत.

आणखी एक विचारलं: पुढची रांग कधी? म्हणाले, महिनाअखेरीस विमान पुन्हा येईल.

२५ सप्टेंबर

रविवार. सानोबारला बघायला इस्पितळात गेले. इल्योस म्हणाला जाऊ नको, तुला बघून खदीचा मावशींना त्रास होईल. तरी गेले, द्राक्षं घेऊन.

मुलांचा कक्ष भरलेला. एका पलंगावर दोघं-दोघं, सगळी शेतीवरच्या गावांची. एवढ्या गावांत एकाच वेळी दूध कसं नासतं? उन्हाळा लांबला यंदा, त्यानं असेल.

मावशी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. उठून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “बसा, बाई.” दोन वर्षं ज्या मला पोरी म्हणत आल्या त्या. मी बसले नाही.

सानोबार पिवळी पडली आहे, पण डोळे तसेच टकटकीत. मला बघून खूश झाली. “आपा, मी गेलेच नाही धड्याला. पुढे काय झालं?” मी म्हटलं, काही नाही, तुझ्यासाठी थांबलोय. खोटं बोलले. तिचा भाग कधीच दुसरीला दिलाय.

म्हणाली, “मग मी इथेच करू वर्णन? पान नाहीये, माझंच करते.” आणि हात मांडीवर ठेवून सुरू झाली. रंग, पिवळा. वास, इस्पितळाचा. आवाज, पोटात होतो. चव, द्राक्षाची. मग चादरीतून पाय बाहेर काढायला लागली, ते निघेनात, तेव्हा हातांनी उचलून काढले.

“स्पर्शाचं राहिलं. हे बघा, इथे हात लावला तरी मला कळत नाही. इथे पण नाही. मग आपा, स्पर्शाच्या जागी काय सांगायचं?”

मी म्हटलं, “ते मोकळं सोड.”

मावशी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “त्या दिवशीचं दूध मी प्याले होते, बाई. सानोबारच्याच पेल्यातलं उरलेलं.”

“मोठ्यांचं पोट घट्ट असतं, मावशी,” मी म्हटलं. बसमध्ये परत येताना मला सारखं काहीतरी आठवल्यासारखं होत होतं, नाव ओठांवर यावं आणि निघू नये तसं. मग बस आमच्या बांधाजवळून वळली, कांद्याचा वास आला, आणि डोकं इतकं ठणकलं की विचारच सुटला.

२८ सप्टेंबर

झालं! माझं नाव ताश्कंदला जातंय.

निरीक्षक निगोरा करीमोव्ना कडक बाई, बसतानाच म्हणाल्या, “या महिन्यात चौदा बालवाड्या पाहिल्या, चौदांत पिवळा कागद.” आणि मग झोपायच्या खोलीचं दार उघडलं. त्या माळांकडे बघतच राहिल्या. एक पान तोडून हातात चुरगाळलं. “खरं आहे,” एवढंच म्हणाल्या, पण आवाज बदलला होता.

मुलं छान बोलली. थोडी मलूल होती, मुकुटाखाली घाम येत होता, पण बोलली. दानियोरनं ठरलेलं सोडून भलतंच सांगितलं: “हे पान म्हातारं झालं नाही. याला कोणीतरी मारलं.” मी घाईनं पुढच्या मुलाला खूण केली. निगोरा करीमोव्ना हसल्या. “कवी आहे तुमच्याकडे.” दानियोर हसला नाही. तो खाली बसला तो पुढे बसूनच राहिला, टाळ्यांच्या वेळी सगळे उठले तरी.

चहा घेताना त्यांनी विचारलं, सप्टेंबरात ही पानं आणली कुठून? मी सगळं सांगितलं: विमान, तीन-चार दिवस, बांधावरच्या तुती. त्या वहीत उतरवत गेल्या. मग म्हणाल्या, “मुली, तुझ्या लक्षात आलं का तू काय केलंस? कापूस तर प्रत्येक गावात आहे. तुतीचे बांध प्रत्येक गावात आहेत. आजवर आम्ही कागद कापत बसलो.”

आधी आमच्याच बांधावर सगळ्यांना दाखवायचं ठरलं. जिल्ह्यातल्या बालवाड्यांतून मुलं येणार, माझा धडा बघणार आणि स्वतः पानं गोळा करणार. मोठे गटच नाहीत, तीन वर्षांची पण. “लहान वयात स्पर्श आणि चव जास्त कळते,” निगोरा करीमोव्ना म्हणाल्या. चवीचं माझं त्यांना फार आवडलं.

मुदिरानं मला मिठी मारली. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “बरं झालं, निदान काहीतरी झालं.” आज मी त्यांच्यावर रागावणार नाही.

३ ऑक्टोबर

उद्या बसगाड्या येणार. दिवसभर धावपळ. अंगणात पाट्या लावल्या, सतरंज्या झटकल्या. दानियोर आज आला नाही. त्याची आई सांगून गेली की चालताना पडतो, थोडा हट्टच करतो.

विमान शुक्रवारी येऊन गेलं. वैमानिकाला मुदिरानं निरोप पाठवला होता की पाहुणे येणार आहेत, तर बांधाकडून दोन फेऱ्या जास्त मार. भला माणूस, त्यानं चार मारल्या. आत्ता बघून आले, दुसरी रांग पुरी सोनेरी झाली आहे. घोट्यापर्यंत पानं. सकाळी लवकर नेलं तर दवानं ओली असतील, छान चमकतील, आणि हाताला चिकटतात म्हणून लहान मुलांना ओली पानं जास्त आवडतात.

इस्पितळातून निरोप नाही. मावशींच्या घराला कुलूप आहे. हे सगळं आटोपलं की रविवारी परत जाईन. सानोबारला उद्याचं सगळं पहिल्यापासून सांगायचं आहे, कोणत्या पोरानं कोणत्या पानाला काय म्हटलं ते. पायांचं विचारायचं मात्र नाही असं ठरवलं आहे.

मागच्यासारखं काही होऊ नये म्हणून मी स्वतः पुढाकार घेतला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दुपारी मुदिराच्या फोनवरून एकेका बालवाडीला फोन लावला. कोणी विसरू नये म्हणून प्रत्येकीकडून परत म्हणवून घेतलं: उद्या निघण्याआधी कुठल्याही मुलाला दूध द्यायचं नाही. सगळ्यांनी कबूल केलं. आता मन निश्चिंत आहे.